अनोळखी माणसाला मदत केली, मन हलकं झालं, मग ते गेलं. ही ख्रिस्ती आशा होती का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात गफलत होत असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. वडील गेल्यापासून तुमची प्रार्थना कोरडी पडली आहे. उपासनेला जाता, गीतं म्हणता, पण आत काही हलत नाही. अशात एका रात्री चुकीच्या ठिकाणी उतरलेले, गोंधळलेले एक वृद्ध गृहस्थ तुम्हाला दिसले. तुम्ही त्यांच्या मुलाला फोन लावून दिला आणि तो येईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिलात. त्या रात्री कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा देव जवळ असल्यासारखं वाटलं. दोन-तीन दिवसांत ते विरलं. मग ते परत यावं म्हणून तुम्ही ठरवून लोकांना मदत करू लागलात, पण तसं काही होईना. उलट एकाने औषधासाठी म्हणून पैसे घेतले आणि तो खोटं बोलत होता हे मागाहून कळलं. आता तुम्ही विचारता की ती खरी ख्रिस्ती आशा होती की चांगलं काम केल्याचं नुसतं समाधान, आणि मदत करत राहिलं तर ती परत येईल का.

मी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या वतीने रुग्णालयात भेटी देण्याचं काम करते. पाळक नाही, ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. पण वर्षानुवर्षं ज्यांच्याजवळ बसते ते जवळजवळ सगळे अनोळखी असतात आणि बहुतेक पुन्हा भेटत नाहीत. आमच्याबरोबर नव्याने येणारे स्वयंसेवक चार-सहा आठवड्यांनी नेमका तुमचाच प्रश्न घेऊन येतात: पहिल्या दिवशी जे वाटलं ते आता का वाटत नाही?

उत्तर देण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यायला हवी, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. झोप कशी आहे? जेवण जातं का? सकाळी उठून कामाला लागता येतं का, की अंथरुणातून उठणं हेच काम होऊन बसलंय? जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात का? यातलं काही आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर आजच जवळच्या कुणाला तरी सांगा. यात विश्वास कमी पडल्याचा काही संबंध नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया एका झुडपाखाली बसून, आता पुरे, माझा प्राण घे असं म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. पुढचं बोलणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर झालं. त्या अवस्थेतल्या माणसाला मी कधीच सांगत नाही की जा, दुसऱ्याची सेवा कर, बरं वाटेल. त्याने आधी स्वतः कुणाची तरी दया घ्यावी.

तुम्ही त्या अवस्थेत नाही, दुःखात आहात पण चालते-फिरते आहात, असं धरून पुढे लिहिते.

त्या रात्री जे वाटलं ते खोटं नव्हतं. त्याबद्दल देवाचे आभार मानायला काहीच हरकत नाही. पण ती आशा नव्हती. तो आनंद होता, आणि आनंद येतो-जातो. महिनोन्‌महिने तुम्ही स्वतःच्या दुःखाकडे तोंड करून बसला होतात. त्या दोन तासांत दुसऱ्याच्या काळजीने तुम्हाला स्वतःचा विसर पडला, म्हणून श्वास मोकळा झाला. विश्वास नसलेल्या माणसालाही हे होतं, आणि होतं हे चांगलंच आहे. अडचण एवढीच की तुम्ही त्या मोकळेपणालाच आशा धरून बसलात. त्यामुळे तो गेल्यावर आशाही गेली असं तुम्हाला वाटतंय.

ख्रिस्ती आशा एका घटनेवर टेकलेली आहे: येशू मरणातून उठला, आणि म्हणून देवाने जे आरंभलं ते तो पुरं करील. हे तुम्हाला संडे स्कूलपासून पाठ असणार. पण प्रेषित पौलाने ते कुठे नेऊन पोहोचवलं ते एकदा बघा. करिंथ शहरातल्या मंडळीला त्याने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय सगळा पुनरुत्थानावर आहे. अंत्यविधीच्या वेळी आपण तोच वाचतो. त्याच्या अगदी शेवटच्या वचनात पौल म्हणतो की म्हणून स्थिर राहा, प्रभूमधले तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि लगेच पुढची ओळ? वर्गणीची. यरुशलेमेतल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे थोडं बाजूला काढून ठेवा. अध्यायांची आजची विभागणी १३व्या शतकातली आहे; पौल एका दमात लिहीत होता, आपण मात्र मध्ये थांबतो आणि १६वा अध्याय किरकोळ सूचनांचा म्हणून सोडून देतो. करिंथातल्या बहुतेकांनी यरुशलेमेतल्या त्या लोकांचं तोंडही पाहिलं नसणार. मरणावरच्या विजयाचं इतकं मोठं प्रकरण संपवून पौल सरळ अनोळखी माणसांसाठी पैसे बाजूला काढण्यावर येतो, आणि त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

माझ्या कामाला आधार कुठला म्हणाल, तर हाच. मी ज्या माणसाजवळ बसून आले त्याचं पुढे काय झालं हे मला बहुतेक वेळा कळतच नाही. वाया गेलं का? पुनरुत्थान झालं नसेल तर कदाचित गेलंही असेल. झालं असेल, तर नाही. त्या क्षणी मला काय वाटलं यावर ते ठरत नाही, आणि ही माझ्यासाठी फार मोठी सुटका आहे.

म्हणजे थेट उत्तर असं की मदतीच्या मोबदल्यात आशा मिळत नाही. कृपेबद्दल आपण जे मानतो त्याच्याशीही ते जुळणार नाही. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट सत्कृत्यांबद्दल वेगळ्या भाषेत बोलतात, पण चांगली कामं करून देवाकडून काही विकत घेता येतं असं दोघंही म्हणत नाहीत. तरीही दयेचा आणि आशेचा संबंध आहे, आणि तो कसा आहे हे अम्माऊसच्या गोष्टीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. त्यावर जरा रेंगाळते.

लूकच्या शुभवर्तमानाचा २४वा अध्याय. येशूला वधस्तंभावर मारल्यानंतरचा तिसरा दिवस. दोघं जण यरुशलेमेहून अम्माऊसला निघालेत, साधारण ११ किलोमीटरची वाट. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं दिलेलं नाही. वाटेत एक अनोळखी माणूस गाठतो आणि विचारतो, काय बोलताय? ते उदास होऊन थांबतात. मग सांगतात की येशूच इस्राएलाची सुटका करील अशी आम्हाला आशा होती. संपलेल्या गोष्टीबद्दल बोलावं तसं. आणि बघा, बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली आहे! कबर रिकामी आहे, तो जिवंत आहे असं स्त्रियांनी सकाळीच सांगितलंय. हे दोघं ती बातमी स्वतःच्या तोंडाने त्या माणसाला सांगतात, आणि तरी चेहरे पडलेलेच. तुमच्यासारखेच: सगळं माहीत आहे, गीतं पाठ आहेत, आत काही हलत नाही.

तो वाटभर शास्त्र उलगडून सांगतो. ते ऐकूनही ते त्याला ओळखत नाहीत. गाव जवळ येतं, तो पुढे जाणार असं दाखवतो. इथे ते दोघं जे करतात ते अगदी साधं आहे. आमच्याबरोबर राहा, संध्याकाळ होत आली, दिवस उतरलाय. बस. त्याला आग्रह करण्यामागे त्यांचा काही हेतू नाही. त्यांची आशा अजून मेलेलीच आहे. अंधारात एकट्या माणसाला पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढंच. तो आत येतो, जेवायला बसतो, भाकर घेतो, आशीर्वाद देऊन मोडतो, आणि त्यांचे डोळे उघडतात: हा तर येशूच. आणि तो दिसेनासा होतो.

पुढचं वाक्य तुमच्यासाठी आहे. ते एकमेकांना म्हणतात की तो वाटेत बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत पेटत नव्हतं का? म्हणजे वाटेत ते पेटत होतंच. त्यांना तेव्हा कळलं नाही. अनोळखी माणसाला घरात घेतल्यावर, त्याच्यासमोर जेवायला बसल्यावर मागचं सगळं उमगलं. आदरातिथ्याने आशा निर्माण केली नाही. ती त्यांच्याबरोबर ११ किलोमीटर चालत आली होती. तिला ओळखायची जागा मात्र तिथे तयार झाली. समजा त्यांनी निरोप घेतला असता आणि तो पुढे निघून गेला असता, तर?

आणि हेही ध्यानात घ्या, की ओळख पटल्याबरोबर तो तिथे राहिला नाही. ते त्याला धरून ठेवायला धावले नाहीत. त्याच घटकेला उठून अंधारातच परत यरुशलेमेला, इतरांकडे गेले. तुम्ही त्या रात्रीचा अनुभव धरून ठेवायला निघालात, इथे तुमची वाट वेगळी झाली.

आता जरा कडू बोलते, राग मानू नका. ‘पुन्हा तसं वाटावं म्हणून’ मदत करायला लागल्यापासून समोरची माणसं तुमच्यासाठी औषध झाली. समोरच्याला हे कळतं. सांगता येणार नाही कदाचित, पण कळतं. आमच्याकडचे काही उत्साही स्वयंसेवक रुग्णाच्या नातेवाइकाजवळ बसले की पाच मिनिटांत त्यांना त्याच्या डोळ्यांत पाणी हवं असतं, हातात हात हवा असतो, शेवटी प्रार्थना हवी असते. आणि त्या बिचाऱ्याला फक्त फोन चार्ज करायला जागा हवी असते.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची मोठी पिशवी, तिच्यात नवऱ्याचे कपडे, चपला, घड्याळ. आत नेताना परिचारिकेने काढून दिलेलं सगळं. मी शेजारी बसले आणि विचारलं, मी काय करू? मला वाटलं होतं, प्रार्थना करा म्हणतील किंवा डॉक्टर काय म्हणाले ते विचारून या म्हणतील. त्या म्हणाल्या, ही पिशवी धराल का, मला तोंड धुऊन यायचंय. सकाळपासून त्या उठल्या नव्हत्या, कारण पिशवी कुणाकडे द्यायची आणि खाली ठेवली तर चोरीला जाईल ही भीती. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. घड्याळ चालू होतं, त्याची टिकटिक ऐकू येत होती. त्या आल्या, पिशवी घेतली, थोडं हसल्या. आमचं एवढंच बोलणं झालं.

मला त्या दिवशी काही विशेष वाटलं का? नाही. दिवस संपत आला होता आणि पाय दुखत होते. ती गोष्ट मी इथे सांगतेय ती तिच्यात मदतीचं माप बरोबर होतं म्हणून. गरज पिशवीएवढी होती, मदत पिशवीएवढी झाली. येशूने आंधळ्या बार्तीमयालासुद्धा आधी विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं हे न कळण्यासारखं काय होतं? तरी विचारलं. मीही विचारते, आणि जे सांगतील त्याहून मोठं काही करायला जात नाही.

मापाचंच आणखी एक उदाहरण म्हणजे येशूच्या दृष्टांतातला चांगला शोमरोनी, ज्याला वाटेत लुटून अर्धमेला टाकलेला एक अनोळखी माणूस दिसला. आपण त्याची कळकळ आठवतो, त्याचा हिशेब विसरतो. त्याने त्या माणसाच्या जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या कामाला निघून गेला. तो जखमी माणसाच्या उशाशी महिनाभर बसला नाही. पुढचं काम ज्याला जमतं त्याच्यावर सोपवलं, त्याचा खर्च उचलला. अनोळखी माणसाचं सगळं आयुष्य आपण सांभाळायचं असतं असं समजून जे या कामात येतात ते लवकर थकतात. ज्या त्या प्रश्नासाठी कुणाकडे पाठवायचं, समाजसेवा विभाग कुठे, वकील कोण, निवारा कुठे, हे माहीत असणं हीसुद्धा दयाच आहे. आणि शक्यतो दोघांनी जा. येशूनेही शिष्यांना दोघे-दोघे पाठवलं. रात्री, निर्जन जागी, तुम्ही एकटे असाल तर गाडी थांबवण्यापेक्षा पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला फोन करणं हे भित्रेपण नव्हे.

प्रार्थनेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे विचाराल. माझा नियम असा की विचारल्याशिवाय करत नाही, आणि समोरचा माझ्या मदतीवर अवलंबून असेल त्या क्षणी विचारतही नाही, कारण त्याला नाही म्हणणं जड जातं. येशूबद्दल कुणी विचारलं तर सांगते. येशूचा शिष्य पेत्र याने आपल्या पत्रात आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं लिहिलं, तेव्हा सौम्यतेने आणि आदराने हेही त्याच वचनात जोडलं. तो भाग लोक गाळतात.

आता फसवून गेलेला माणूस. पैसे गेले याचं वाईट वाटणं साहजिक आहे, पण यात नवीन काही नाही. डिडाखे नावाचं फार जुनं ख्रिस्ती लिखाण आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. त्यात म्हटलंय की प्रभूच्या नावाने येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत करा, मग पारख करा. वाटसरू असेल तर जमेल तेवढी मदत करा, पण दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. राहायचंच असेल आणि अंगात कसब असेल तर काम करू द्या. असले नियम फसल्याशिवाय कोण लिहील? फसवणारे तेव्हाही होते. मंडळीने दार बंद केलं नाही, नियम केले. तुम्हीही करा. माझ्यापुरतं म्हणाल तर मी रोख देत नाही, औषधाची चिठ्ठी असेल तर दुकानात बरोबर जाते. तुम्हाला रोख द्यावंसं वाटलं तर गेले तरी चालतील एवढेच द्या. आणि दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट वाचा. दहा शुद्ध झाले, आभार मानायला एकच परतला. बाकीचे नऊ कुठे आहेत असं येशूने विचारलं खरं, पण त्यांचं बरेपण काढून घेतल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

एक भीती तुमच्या प्रश्नात दडलेली आहे असं मला वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या. दया केली की देव आपलं पुढचं दुःख टाळील, अशी काहीशी. सारफथच्या विधवेची गोष्ट त्यासाठी फार प्रामाणिक आहे. घरात मूठभर पीठ आणि थोडंसं तेल. ते खाऊन मुलासह मरायचं ठरलेलं. तिने ते परक्या एलीयाला दिलं. मडक्यातलं पीठ सरलं नाही, कुपीतलं तेल आटलं नाही. इथपर्यंत सगळे सांगतात. पण त्याच अध्यायात पुढे तिचा मुलगा आजारी पडून मरतो, आणि ती एलीयावर चिडते. मुलगा परत मिळतो हे खरं. पण दया केल्यावरही मरण त्या घरात आलंच. म्हणून मी दुःखात असलेल्या कुणालाही दयेचं असलं वचन देत नाही. पौलानेही आशेकडे जाणारी वाट संकटातून, धीरातून आणि शीलातून काढली. ती लांबची वाट आहे.

मग आता करायचं काय? ‘ठरवून’ माणसं शोधणं थांबवा. त्याऐवजी नेमून दिलेलं, ठरल्या वेळेचं, कंटाळवाणं असं एक काम धरा. आठवड्यातून एकदा, मंडळीतल्या कुणाबरोबर तरी. वृद्धाश्रमात वर्तमानपत्र वाचून दाखवणं, बाह्यरुग्ण विभागात लोकांना अर्ज भरून देणं, असं काही. तिथे समोरचा अनोळखीच असेल, पण काम तुमच्या मनःस्थितीवर चालणार नाही. मंगळवार आला की जायचं. प्रार्थना कोरडी असेल तर कोरडीच करा. बायबलमधल्या विलापगीतातला किंवा स्तोत्रांतला एखादा तक्रारीचा उतारा मोठ्याने वाचलात तरी ती प्रार्थनाच आहे. वडिलांबद्दल आणि या कोरडेपणाबद्दल पाळकांना एकदा भेटून स्पष्ट सांगा; ते ओळखतील म्हणून वाट बघू नका, आम्हा सेवेतल्या लोकांना वाटतं तितकं समोरच्याच्या मनातलं कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जावंसं वाटणार नाही. तरी जा, आणि निदान तीन महिने तरी आज काय वाटलं याची नोंद ठेवायच्या फंदात पडू नका.